पाठ वळली की पाटी पुसायची

मेस्त्री कुठल्याही भोकात आधी हात घालायचे. बूट पायात चढवण्याआधी बुटात, हेल्मेट डोक्यावर ठेवण्याआधी हेल्मेटमध्ये, कुणाच्या घरी गेले तर दारावरच्या टपालपेटीत. आमच्या विमानसंस्थेच्या सेक्रेटरींच्या केबिनमध्ये कसल्याशा स्पर्धेचा पितळी चषक होता. नोकरीसाठी भेटायला आले, तेव्हा मेस्त्रींनी बोलता बोलता त्या चषकात हात घातला आणि पालीची दोन अंडी काढून टेबलावर ठेवली. सेक्रेटरी क्रीडाप्रेमावर बोलत होते, ते थांबले. मेस्त्रींना नोकरी मिळाली, पण सेक्रेटरींनी ती अंडी त्यांना कधी माफ केली नाहीत.

डोळ्यांवर मेस्त्रींचा विश्वास नव्हता. "डोळा लबाड असतोय, सर," ते मला म्हणायचे. "त्येला जे बघायचं असतंय, तेवढंच बघतोय. हाताला कशाची हौस न्हाय."

मी तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होतो. माणसाला ज्ञान कसं होतं यावरचे जाड ग्रंथ मी झटकले, लावले, काही वाचलेही. त्यांतल्या कुणी हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं आठवत नाही. सांगितलं असतं तरी मला उपयोग झाला नसता, हे पुढे दिसेलच.

निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मी उजळाईवाडीच्या माळावरच्या त्या विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेत कागदपत्रं सांभाळायला लागलो. संस्था म्हणजे एक पत्र्याचं हँगर, दोन लहान विमानं, दहा-बारा विद्यार्थी आणि सेक्रेटरी. सेक्रेटरींना विमानात बसायची भीती वाटे, त्यामुळे ते विमानाविषयी फार भाषणं करत. परवानाधारक इंजिनिअर होते, कागदांवर सह्या त्यांच्या असत. मेस्त्री नावाला मदतनीस. विमान धुवायचं, ढकलायचं, चाकाखाली ठोकळे लावायचे आणि पाखरं हाकलायची.

त्याआधी ते शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत साचे करायचे. वितळलेलं लोखंड ओतण्याआधी साच्यात हात घालून वाळू चाचपायची, ही त्यांची वीस वर्षांची सवय. त्याही आधी घरच्या म्हशी. गावात कुणाची म्हैस अडली की मेस्त्रींना बोलावणं यायचं, कारण त्यांचा हात लांब, बारीक आणि शांत होता. विमानाच्या नाकाशी दोन बाजूंना वारा आत जायला दोन भोकं असतात. त्यांत खांद्यापर्यंत हात घालून, गाल पत्र्याला टेकवून, डोळे मिटून ते उभे राहत, तेव्हा विमान आत्ता हंबरेल असं वाटे.

शत्रू साळुंक्या होत्या. माळावर झाडं मोजकी, आणि विमानाचं इंजिन म्हणजे ऊबदार, अंधारं, वाऱ्यापावसापासून सुरक्षित घर. साळुंकीच्या जोडीला घर मांडायला मुहूर्त लागत नाही. सकाळी रिकामं असलेलं इंजिन दुपारच्या आत गवतानं भरलेलं सापडायचं. असं विमान वर गेलं की गवत तापतं, पेटतं, आणि मग जे व्हायचं ते होतं.

आमचे शिकवणारे कॅप्टन तिशीतले होते, मोठ्या ठिकाणी शिकून आलेले. त्यांच्याजवळ प्लास्टिकमध्ये बंद केलेला तपासणीचा तक्ता असे. प्रत्येक ओळीवर बोट ठेवत ते विमानाभोवती फिरत. पहिल्याच आठवड्यात ते मेस्त्रींना म्हणाले, "मेस्त्री, तासापूर्वी बघितलंय मी. परत कशाला?"

"तासात काय व्हतंय ते दावू का?" मेस्त्री म्हणाले.

दोघं हँगरच्या सावलीत जाऊन बसले. मीही गेलो, फायली कुठे पळणार होत्या? समोर विमान उभं, आणि एक साळुंकी चोचीत काहीतरी घेऊन आत-बाहेर करतेय. तासाभरानं मेस्त्री उठले, हात घातला आणि मूठभर माल कॅप्टनच्या तळहातावर ठेवला. वाळलेलं गवत, सुतळी, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, आणि आमच्याच ऑफिसातली लाल फीत.

"तुमची फाईल सुटली वाटतं, सर," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी पुन्हा वाकून भोकातून आत पाहिलं. "इथून तर काहीच दिसत नव्हतं."

"दिसायचं न्हाईच. ती इंजनाच्या पाठीमागं बांधतीया. म्होरनं बघणाऱ्याला सगळं झकास."

त्या दिवसापासून पाटी आली. मेस्त्रींनी मंगळवार पेठेतून शाळेतली एक दगडी पाटी आणली, लाकडी चौकटीची. हात घालून झाला की ते तिच्यावर खडूनं फक्त वेळ लिहायचे आणि पाटी विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्याला अडकवायचे. विमान नेणाऱ्यानं पाटी काढून परत त्यांच्या हातात द्यायची. नियम एकच होता, आणि तो त्यांनी स्वतःलाच घातला होता: पाठ वळली की पाटी पुसायची. चहाला गेले तरी पुसून जायचे. लघवीला गेले तरी. परत आले की पुन्हा हात, पुन्हा वेळ.

सेक्रेटरी संतापले. "विमानाला पाटी? ही संस्था आहे की बालवाडी? लोक काय म्हणतील?"

"लोक खाली असत्यात, साहेब," मेस्त्री म्हणाले. "वर जाणाऱ्याला इचारा."

वर जाणाऱ्यानं, म्हणजे कॅप्टननं, पाटी कोरी असेल तर विमानाला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं. सेक्रेटरी गप्प बसले. गप्प बसलेला सेक्रेटरी जपून ठेवण्यासारखा असतो, पण फार टिकत नाही.

मेस्त्रींना पाखरांची माया होती असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. "ती तिचं काम करतीया, मी माजं," एवढंच. एकदा मात्र सलग सुट्टीनंतर चौथ्या दिवशी हँगर उघडलं, तर एका विमानात घरटं आणि त्यात डोळे न उघडलेली चार पिल्लं. विद्यार्थी खोळंबले होते. मेस्त्रींनी घरटं अख्खं उचलून बिस्किटाच्या डब्यात ठेवलं, डबा हँगरच्या तुळईवर ठेवला. मादी दिवसभर विमानापाशी ओरडत होती, डब्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी डबा उतरवला, कुंपणाबाहेर जाऊन खड्डा केला, आणि मला रजेचा अर्ज लिहायला सांगितला.

"कारण काय लिहू?"

"शिवणकाम."

रजेवरून ते दोन विमानांसाठी बोळ्यांच्या दोन जोड्या घेऊन आले. त्यांच्या बायकोनं जुनी वाकळ फाडून, आत फोम भरून शिवलेले, नाकाच्या भोकांत घट्ट बसतील असे. जोडीतल्या दोन्हींच्या मध्ये दोरी, आणि दोरीला तांबडी चिंधी, म्हणजे काढायचं विसरायला नको. एका बोळ्यावर अजून लुगड्याचा हिरवा काठ दिसत होता. बाजारात अशी तयार बुचं मिळतात, पण ती मागवायचा अर्ज सेक्रेटरींच्या टेबलावर वर्षभर पडून होता. त्यानंतर आमच्या विमानांत घरटं झालं नाही. ज्या दिवशी झालं, त्या दिवशी बोळे नव्हते.

नव्या हँगरचं उद्घाटन होतं. मांडव, बँडपथक, फेटे, एक बडे प्रमुख पाहुणे आणि कार्यक्रमपत्रिकेत "आकाशातून मानवंदना" असा एक विषय. म्हणजे कॅप्टननी विमान घेऊन मांडवावरून एक चक्कर मारायची. पत्रिकेचं मुद्रितशोधन मी केलं होतं. त्या दिवसातल्या प्रत्येक गोष्टीला मी मनातल्या मनात हसत होतो, आणि ते हसणं मला माझं शहाणपण वाटत होतं.

सकाळी सातला इंजिनिअर, कॅप्टन आणि मेस्त्री तिघांनी विमान तपासलं. आठला सेक्रेटरी आले, विमानासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय? नाकात बोळे?" ते ओरडले. "अहो, मयताच्या नाकात घालतात असे! आज शुभकार्य आहे. काढा आधी."

"साहेब, पाखरं..."

"काढा म्हणतोय ना! फोटोत काय दिसेल ते?"

मेस्त्रींनी बोळे काढले. मग ते एक स्टूल घेऊन आले आणि विमानाच्या नाकासमोर बसले. "बोळं न्हाईत, तर मी हाय," एवढंच म्हणाले. तेलकट खाकी कपडे, मांडीवर पाटी. बँडवाले येता-जाता त्यांच्याकडे बघत होते.

सव्वानऊला कळलं की पाहुण्यांना द्यायचं चांदीचं विमान हुपरीहून आलेलंच नाही. कारागिराचा फोन आला: काम झालंय, पण घेऊन यायला माणूस नाही. इथे तर प्रत्येकाच्या डोक्यावर फेटा आणि हातात काहीतरी काम. सेक्रेटरी मला म्हणाले, "मेस्त्रींना पाठवा की. तेवढंच फोटोतनं जातील."

मी गेलो. मेस्त्री म्हणाले, "मी न्हाय जाणार. बोळं न्हाईत, सर."

"मी बसतो इथे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बसून न्हाय भागायचं. कॅप्टन बसायच्या आधी हात घालायला लागतोय. घालशीला?"

"घालतो, जा तुम्ही."

"डोळं नगं. हात."

"हो हो, मेस्त्री. जा आता."

त्यांनी पाटी पुसली, पात्याला अडकवली, आणि मोटरसायकलला किक मारायच्या आधी सवयीप्रमाणे सायलेन्सरमध्ये बोट घातलं. मग गेले.

मी स्टुलावर वीसेक मिनिटं बसलो असेन. मग मांडवातून बोलावणं आलं. कुठल्या मान्यवरांचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं, यावरून निवेदक आणि सेक्रेटरी यांचं जुंपलं होतं. मी गेलो. त्या वादाची मजा वाटत होती, म्हणून थांबलो. विमान मांडवापासून लांब उभं होतं, आणि सगळ्यांची तोंडं व्यासपीठाकडे.

पाहुणे उशिरा आले आणि घाईत आले. "आधी ते विमान उडवा, मला पुढं जायचंय," म्हणाले. एकच धावपळ झाली. कॅप्टनच्या गळ्यात हार पडला. ते विमानापाशी आले, पात्यावरची पाटी बघितली आणि थांबले.

"पाटी कोरी आहे. मेस्त्री कुठायत?"

"येतील एवढ्यात," मी म्हटलं.

"मग थांबू."

सेक्रेटरी दुरून हात हलवत होते. तेवढ्यात फोटोवाल्यानं कॅप्टनना पाहुण्यांशेजारी उभं राहायला बोलावलं. मी विमानाच्या नाकाशी एकटाच उरलो.

मी वाकलो. दोन्ही भोकांतून आत पाहिलं. आत अंधार होता, लोखंड होतं, बाकी काही नव्हतं. हात घालायला मी बाही वर करू लागलो. अंगात समारंभासाठी शिवलेला पांढराशुभ्र सदरा होता, बटणं घट्ट होती, आणि भोकाच्या कडेला काळं तेल होतं. माझ्या मनात आलं: कशाला? एक चक्कर तर मारायची आहे. एकदा हा तमाशा संपू दे. मी खडू घेतला आणि पाटीवर वेळ लिहिली.

दिखाव्याला आयुष्यभर हसलेल्या माणसानं त्या दिवशी एक सदरा वाचवला.

कॅप्टन परत आले. पाटी बघून त्यांचा चेहरा मोकळा झाला. "आले का मेस्त्री?"

मी "हो" म्हणालो.

त्यांनी पाटी काढून माझ्या हातात दिली, हार स्टुलावर ठेवला आणि ते चढले.

विमान वर गेलं. बँड वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवावरून एक चक्कर झाली; पाहुण्यांनी वर बघून हात जोडले. वळणावर विमानाच्या नाकातून धुराची एक रेघ निघाली. काही लोकांना वाटलं, तीही मानवंदनाच आहे, टाळ्या वाढल्या. मग रेघ जाड झाली, विमान खाली खाली येत कुंपणापलीकडच्या उसात गेलं, आणि आवाज नंतर आला.

सगळे पळाले. मी तिथेच उभा होतो. माझ्या हातानं पहिलं काम कुठलं केलं असेल, तर बाहीनं पाटी पुसली. कुणी सांगितलं नव्हतं. मी ठरवलंही नव्हतं. हाताला कशाची हौस नसते, हे माझ्या हाताच्या बाबतीत खरं नव्हतं.

मेस्त्री फाटकातून आत आले तेव्हा उसावर काळा धूर उभा होता. त्यांच्या हातात गुलाबी कागदात गुंडाळलेलं चांदीचं विमान होतं. ते धावले नाहीत. त्यांनी धुराकडे पाहिलं, रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे आले.

"पाटी?"

मी पाटी पुढे केली. ते कोऱ्या पाटीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग चांदीचं विमान त्यांनी स्टुलावर, हाराशेजारी ठेवलं आणि ते उसाकडे चालत गेले.

कॅप्टन चौथ्या दिवशी गेले. त्यांचे वडील सामान न्यायला आले होते. कपडे, पुस्तकं, आणि आदल्याच महिन्यात नवीन केलेला तपासणीचा तक्ता. प्लास्टिकच्या आत छापलेल्या ओळी होत्या, आणि सगळ्यात खाली प्लास्टिकवर पेनानं एक ओळ वाढवलेली: पाटी बघणे.

"हे पाटी म्हणजे काय?" वडिलांनी विचारलं.

"इथली पद्धत होती," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि तक्ता बॅगेत ठेवला.

चौकशी झाली. बाहेरून आलेल्या दोन अधिकाऱ्यांनी कागद मागितले, मी दिले. कागद उत्तम होते, सकाळच्या सह्या जागच्या जागी होत्या. जळलेल्या इंजिनाच्या मागच्या बाजूला तारेचा तुकडा आणि गवताची राख निघाली. सेक्रेटरी म्हणाले, पाखरांकडे बघायला माणूस होता, तो जागा सोडून गेला. त्यावर मी उभा राहून सांगितलं, की त्यांना हुपरीला मीच पाठवलं होतं. लोकांनी माझ्या सचोटीचं कौतुक केलं. विमानापाशी मग कोण थांबलं होतं, हे कुणी विचारलं नाही. पाटीबद्दल तर नाहीच, कारण पाटी कुठल्याच कागदावर नव्हती. चौकशीत मी एकही शब्द खोटा बोललो नाही. शिकलेल्या माणसाला तेवढी सोय असते.

मेस्त्रींना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मी हुपरीला गेलतो." विमान कुणी बघितलं? "मी न्हवतो." आणखी काही सांगायचंय? "न्हाय."

त्यांना कुणी काढलं नाही. ते एकदा आले, बोळे घेतले आणि पुन्हा आले नाहीत. पाटी माझ्या कपाटात राहिली. चांदीचं विमान वाया गेलं नाही. पुढच्या समारंभात दुसऱ्या पाहुण्यांना दिलं गेलं.

गेल्या वर्षी मी त्यांच्या गावी गेलो. जायला इतकी वर्षं का लागली, याची चांगली कारणं मी तयार ठेवली होती. ती कुणी विचारली नाहीत. मेस्त्री गोठ्यात वैरण कापायच्या मशीनजवळ होते. वहिनी मला बघून म्हणाल्या, "या, बसा. सर आल्यात, ऐकलं का?" मग हळू आवाजात, "वरनं इमान गेलं की आत जाऊन बसत्यात. तुमी काय त्ये काढू नगा."

मी दुसरं काही काढायला आलोच नव्हतो. चहा झाला. मेस्त्री मशीनकडे वळले, चालू करण्याआधी त्याच्या तोंडात हात घालून चाचपू लागले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते बरं होतं.

"मेस्त्री, त्या दिवशी पाटीवर वेळ मी लिहिली."

हात थांबला नाही. "ठाऊक हाय की."

"कधीपासून?"

"तवापासनंच. तुमच्या बाहीला खडू व्हता." त्यांनी हात बाहेर काढला आणि कोपरापर्यंत लागलेलं वंगण मला दाखवलं. "त्याल न्हवतं."

वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणापाशी?" ते म्हणाले. "ज्येला सांगाय पायजे व्हतं, त्यो वर गेल्ता." त्यांनी हात चिंधीला पुसला. ती तांबडी चिंधी कुठली ते मी ओळखलं. "आन् बोळं म्याच काढलं. पाटी मीच टांगून गेलो. संगं न्यायला काय झाल्तं मला?"

मी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकलं नाही.

"पाटी हाय तुमच्यापाशी?"

"आहे."

"काय लिवलंय तिच्यावर?"

"काही नाही. पुसली तेव्हापासून कोरीच आहे."

मेस्त्रींनी मान हलवली. "मग ऱ्हाऊ द्या तशीच. बघितलं न्हवतं, तेवढंच तिच्यावर हाय."

आणि त्यांनी मशीन चालू केलं, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.